फ्रीगंजातला टर्बो सी

उज्जैनचं माधव नगर आमच्या तोंडी फ्रीगंजच. नव्वदच्या दशकात तिथे टॉवर चौकाच्या आसपास कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या आणि त्यातल्याच एका क्लासमध्ये मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागलो. घरी मराठी, वर्गात हिंदी, पडद्यावर इंग्रजी. मुलं यायची ती बहुतेक पीजीडीसीए या कॉम्प्युटरच्या डिप्लोमासाठी. हा डिप्लोमा देणाऱ्यांत भोपाळचं माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठही होतं, आणि ते मुळात पत्रकारितेचं!

अवजार एकच, टर्बो सी. बोरलँड या अमेरिकन कंपनीने ते 1987 मध्ये काढलं. लिहिणं, कंपाइल करणं, चालवणं, सगळं एकाच निळ्या पडद्यावर. आमच्याकडे ते विकत कोणी घेतलं नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलं. दुसऱ्या मशीनवरून उचललेली कॉपी जुनाच पत्ता धरून बसे, त्यामुळे पहिली तक्रार ठरलेली: ‘एसटीडीआयओ डॉट एच’ उघडत नाही. ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीजचा रस्ता बदलला की काम झालं.

दुसरी तक्रार, “सर, आउटपुट दिखा ही नहीं.” उत्तर उमटलेलं असे, पण प्रोग्राम संपताच निळा पडदा परत येऊन त्याला झाकून टाके. ऑल्ट-एफफाइव्ह दाबलं की दिसे. पण मुलांना आवडे तो दुसरा उपाय: शेवटी गेटसीएच लिहायचं, म्हणजे कळ दाबेपर्यंत प्रोग्राम थांबतो. मागच्या खेपेचं आउटपुट वर उरतं म्हणून सुरुवातीला क्लियर स्क्रीन. ही दोन्ही फंक्शनं सीच्या 1989 च्या मानकात नाहीत आणि ‘व्हॉइड मेन’ही त्यात बसत नाही. तरी वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही असायचीच. सांगायला हवं ते एफटूचं, म्हणजे सेव्हच्या कळीचं. मध्य प्रदेशात वीज इतकी जाई की 2003 च्या निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला. दोन ओळी लिहिल्या की सेव्ह, ही शिस्त आम्हाला वीज मंडळाने लावली.

पण माझा आवडता प्रश्न वेगळा. विद्यार्थ्यांची नावं आणि टक्केवारी ठेवायला मुलगा स्ट्रक्चरचा अ‍ॅरे करतो. कंपाइल बिनचूक. प्रोग्राम सुरू होतो, नाव टाइप होतं, टक्केवारी टाकली की संदेश: फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स जोडलेले नाहीत. मुलगा कोड चारदा वाचतो; चूक सापडत नाही, कारण चूक त्याची नसतेच. दशांश आकडे वाचणारा कोड जागा खातो, म्हणून फ्लोटची गरज दिसली तरच टर्बो सी तो जोडे. स्ट्रक्चरमधल्या फ्लोटचा नुसता पत्ता स्कॅनएफला दिला, तर ही गरज त्याच्या ध्यानात येत नसे. उतारा नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मध्ये होता: लिंकफ्लोट नावाचं छोटं फंक्शन लिहायचं, आत एक फ्लोट, एक पॉइंटर, आणि ते कुठूनही बोलवायचं नाही. नुसतं असलं की पुरे. कानेटकर कारणही सांगत, पण फ्रीगंजात फिरायचं ते फंक्शन. कारण वाटेत गळून जाई.

याचा मला फार राग येत नाही. याच शहरात सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये दुरुस्त करवून घेतलेली. आकाश मोजायला ती होतीच; पण पंचांग करणाऱ्यांचा भर शतकानुशतकं कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वर. सुमारे 1520 चा हा ग्रंथ ज्या-कोज्यांची कटकट टाळून ग्रह काढून देतो. त्यावर पोट भरणाऱ्या कितीजणांना सूत्राचं कारण ठाऊक असेल? तिथी मात्र वेळेवर छापली जाई. मला खटकतं ते एवढंच, की आमच्या क्लासांनी कारण विचारणाऱ्या मुलालाही ‘लिख दो, चल जाएगा’ म्हणून बसवलं.

बोरलँड 2009 मध्ये मायक्रो फोकसकडे गेली. 64 बिटांच्या विंडोजवर टर्बो सी चालत नाही, तर लोकांनी तो डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून चालवला. टर्बो सीत इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा असतो: 32767 मध्ये एक मिळवला की उणे 32768. आजच्या कंपायलरवर बहुधा चार बाइट. माझ्याकडे शंका घेऊन येणारी मुलं दोन्ही उत्तरं पाठ ठेवतात, दोन बाइट व्हायव्हासाठी आणि चार मुलाखतीसाठी.