धाकियारचा खटला

सन १९३३. जपानी मच्छीमारांच्या खुनाचा तपास करायला पोलीस उत्तर ऑस्ट्रेलियातल्या वुडा बेटावर उतरले. त्यांनी धाकियारच्या बायकोला पकडून ठेवले. धाकियारने भाला फेकला, त्यात मॅकॉल हा शिपाई मेला. धाकियार योलंगु जमातीचा. योलंगुंचा कायदा कागदावर नसतो. पण कोणाच्या भूमीवर कोणी कसे यायचे, हे त्यात पक्के ठरलेले असते.

मिशनऱ्यांच्या शब्दावर धाकियार डार्विनला आला आणि तुरुंगात गेला. १९३४ साली खटला चालला तो इंग्रजीत, म्हणजे त्याला न कळणाऱ्या भाषेत. शिक्षा फाशीची! नवल असे, की अशिलाने खाजगीत सांगितलेली गोष्ट त्याच्याच वकिलाने भर कोर्टात उघड केली. नोव्हेंबरात हाय कोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वांत वरचे) शिक्षा रद्द केली. पण कशासाठी? खटला चालवण्यात चुका झाल्या म्हणून. योलंगु कायद्याचा प्रश्न बाजूलाच राहिला.

सुटलेला धाकियार घरी पोचलाच नाही. त्याचे काय झाले, हे आजही उलगडलेले नाही. २००३ साली वंशजांनी डार्विनच्या न्यायालयातच, आपल्या रीतीने, त्याचा शोकविधी केला. मॅकॉलचे नातलगही तेथे आले होते.