पहिली कंपनी : अमेरिकेंतील नवा ट्रकचालक

अमेरिकेंतील हमरस्त्यांवरून ८०,००० पौंड वजनाची मालमोटार हांकणारा मनुष्य दुरून पाहणाऱ्यास मोठा स्वतंत्र वाटतो. बैठकीच्या मागें त्याची निजण्याची जागा, पुढें क्षितिजापर्यंत गेलेला रस्ता, आणि डोक्यावर मुकादम नाहीं. चित्रपटांनीं व गाण्यांनीं या प्रतिमेवर बरेंच रोगण चढविलें आहे. परंतु या धंद्यांत नव्यानें शिरणाऱ्या माणसाला पहिली कंपनी निवडतांना कितपत स्वातंत्र्य असतें, हें पाहूं गेल्यास पुढें येतो तो पुष्कळसा कायद्यांचा, विमेवाल्यांचा आणि कर्जाचा इतिहास.

त्याची सुरुवात घोड्यांपासून आहे. १९०३ सालीं तेथील गाडीवानांच्या संघटना एकत्र येऊन जी मोठी संघटना झाली, तिचें नांव 'टीमस्टर्स'. 'टीम' म्हणजे गाडीस जुंपलेलीं जनावरें. तीं हांकणारा तो टीमस्टर. पुढें घोडे गेले, मोटारी आल्या, तरी संघटनेच्या बोधचिन्हांत दोन घोड्यांचीं मुखें राहिलींच. १९३० नंतरच्या मंदींत मात्र या धंद्याची दशा केविलवाणी झाली. हप्त्यानें घेतलेला एखादा जुना ट्रक जवळ असला कीं कोणींही उठावें आणि मिळेल त्या भाड्यानें माल न्यावा. रेल्वे कंपन्यांनीं तक्रारी केल्या, त्या स्वार्थाच्या होत्या हें उघड आहे. पण चालकांचे हाल खरे होते. प्रेसिडेंट रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत १९३५ सालीं मोटारवाहतुकीचा कायदा झाला, आणि १८८७ पासून रेल्वेवर देखरेख करणाऱ्या आंतरराज्य व्यापार आयोगाकडे ट्रकांचाही कारभार आला. कोणत्या कंपनीनें कोणत्या मार्गानें कोणता माल न्यावा, यासाठीं आयोगाचा परवाना लागूं लागला; दरही आयोगाकडे नोंदवावे लागत. शेतांतून निघालेला कच्चा माल तेवढा या बंधनांतून सुटला.

नव्या चालकाच्या दृष्टीनें याचा अर्थ असा झाला, कीं परवानेवाल्या कंपन्या थोड्या, पण टिकाऊ होत्या. एकदां तेथें शिरकाव झाला कीं जन्माची ददात मिटे. शिरकाव मात्र सावकाश होई. धक्क्यावर माल चढवावा-उतरवावा, कोणी आजारी पडल्यास बदली म्हणून जावें, आणि ज्येष्ठतेच्या यादींत आपलें नांव वर सरकण्याची वाट पाहावी. चांगल्या फेऱ्या यादींतील वरच्यांनीं आधीं निवडावयाच्या, हा दंडक. १९६४ सालीं संघटनेचे अध्यक्ष जिमी हॉफा यांनीं देशभरच्या सुमारें ४ लाख कामगारांसाठीं एकच करार घडवून आणला, तेव्हां पहिली कंपनी ही कीं ती, हा प्रश्न बराच गौण झाला.

अर्थात् हा शिरकाव सर्वांसाठीं नव्हता. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ज्या एका कंपनीच्या खटल्याचा निकाल दिला, तिच्या दूर पल्ल्याच्या १,८२८ चालकांत १९७१ च्या मार्चअखेर कृष्णवर्णीय चालक अवघे ८ होते. न्यायालयानें हा पक्षपात सिद्ध झाल्याचें मानलें. ज्येष्ठतेची यादी मात्र वैध ठरविली. ज्याला मुळांत दारांतच अडविलें, त्याला त्या यादीची शाश्वती काय कामाची?

१ जुलै १९८० रोजीं प्रेसिडेंट कार्टर यांनीं नव्या कायद्यावर सही केली आणि परवान्यांचे दरवाजे उघडले. दहा वर्षांत परवानेदार कंपन्यांची संख्या दुपटीहून अधिक होऊन ४०,००० च्या वर गेली. माल पाठविणाऱ्यांस भाडें स्वस्त झालें, आणि हा लाभ खोटा नव्हे. त्याची किंमत पुष्कळ अंशीं चालकांनीं मोजली, असें अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर यांनीं २००० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. १९३८ च्या श्रमकायद्यानें जादा तासांचें दीडपट वेतन सर्वसामान्य कामगारांस दिलें, त्यांतून हे चालक वगळलेले होते. संघटनेचा जोर होता तोंवर ही उणीव भासली नव्हती.

आजचा नवखा चालक उभा राहतो तो या बदललेल्या बाजारांत. १ एप्रिल १९९२ पासून अवजड गाडी हांकण्यास विशेष परवाना सक्तीचा झाला. तो मिळविण्यास शाळा, आणि शाळेची फी हजारों डॉलर. परवाना हातीं आला तरी विमेवाल्यांस एक-दोन वर्षांचा अनुभव हवा असतो, म्हणून चांगल्या लहान कंपन्या त्याला दारांत उभें करीत नाहींत. उरतात त्या दूर पल्ल्याच्या बड्या कंपन्या. त्यांतील पुष्कळ जणी स्वतःच शिकवितात. शिक्षण फुकट, मात्र वर्षभर नोकरी सोडावयाची नाहीं, सोडल्यास फी भरावयाची. अशा बड्या कंपन्यांत शंभर जागांमागें वर्षाला नव्वदांच्या आसपास माणसें पुन्हां भरावीं लागल्याचीं वर्षें थोडीं नाहींत. नोकरी इतक्या सहज सुटते, तेथें करारनाम्याचें कलम हेंच वेसण.

वेतन बहुधा मैलावर. गोदामाच्या दारांत पांच तास ताटकळणें हें मैलांत बसत नाहीं. शिवाय मैल म्हणजे कोणते मैल? कांहीं कंपन्या प्रत्यक्ष मार्गाचे मैल धरतात. कांहीं शहरापासून शहरापर्यंतचे, जुन्या कोष्टकांतले, आणि ते प्रत्यक्षाहून कमी भरतात. दर पाहून भुललेला नवखा हा प्रश्न क्वचितच विचारतो.

याहूनही कठीण प्रकरण गाडी भाड्यानें देण्याचें. नवख्याला सांगितलें जातें, 'तूं आमचा नोकर नव्हेस, स्वतंत्र धंदेवाला आहेस. ही गाडी हप्त्यानें तुझीच होईल.' मग हप्ता, इंधन, विमा हीं सर्व त्याच्या बिलांतून वजा होतात. 'न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा' या खटल्यांतील चालक असाच होता. आपलें वेतन कायदेशीर किमानाहून कमी पडलें अशी त्याची तक्रार. तर त्यानें कोर्टांत न येतां लवादाकडे जावें, असें कंपनीचें म्हणणें. १९२५ च्या लवाद कायद्यानें वाहतूक कामगारांचे 'नोकरीचे करार' वगळले होते. स्वतंत्र धंदेवाल्याचा करार नोकरीचा कसा, हा वाद. न्यायमूर्ती गोर्सच यांनीं १९२५ च्या काळचे शब्दकोश व कायदे चाळले आणि त्या काळीं त्या शब्दांचा अर्थ काम करण्याचा कोणताही करार असा होता, असें १५ जानेवारी २०१९ च्या निकालांत सांगितलें. निकाल एकमतानें झाला. चालकाला कोर्टाचा दरवाजा उघडला.

तुटक माल गोळा करून धक्क्याधक्क्यावरून वांटणाऱ्या कंपन्यांत जुन्या व्यवस्थेचा अंश उरला होता. तेथें चालक पुष्कळदां रात्रीं घरीं जातो. परंतु त्यांपैकींच 'यलो' ही सुमारें ३०,००० नोकरांची जुनी कंपनी २०२३ च्या ऑगस्टमध्यें दिवाळखोरींत गेली. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवख्यांच्या शिक्षणाचे संघराज्याचे नियम लागू झाले. प्रत्यक्ष गाडी हांकण्याचे तास किती, हें त्यांत ठरविलेलें नाहीं. २०२१ च्या कायद्यानें नेमलेल्या मंडळानें हप्त्यानें गाडी देण्याचे हे करार तपासले, आणि २०२५ च्या जानेवारींत ते बंदच करावे अशी शिफारस काँग्रेसला केली.