लोह चयापचय : उंदीर प्रारूपे

लोहाचे शोषण, साठा व त्यांतील बिघाड अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळेत वापरले जाणारे, विशिष्ट जनुक बदललेले किंवा उपजतच सदोष असलेले उंदीर. माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नसल्याने सारी भिस्त आतड्यातील शोषणावर असते. या शोषणाचा लगाम कोणाच्या हाती, हे उंदरांनीच दाखवले, तेही योगायोगाने. पॅरिसमध्ये सोफी व्होलाँ यांचा गट साखरेच्या चयापचयासाठी एक जनुक बंद केलेले उंदीर तपासत होता. त्यांच्या यकृतात लोह साचलेले दिसले. शेजारचे, लोहाचे शोषण आवरणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाचे जनुकही मुके झाले होते (२००१). पुढच्याच वर्षी हेप्सिडिन भरमसाट बनवणारी पिल्ले तयार केली, ती तीव्र रक्तक्षय घेऊनच जन्मली.

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात हा विषय पुस्तकी राहत नाही. गोंड, परधान यांसह येथील अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. विदर्भातील त्याची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपुरातून केली. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आणि सिकलसेलचा रक्तक्षय एकाच वस्तीत, कधी एकाच रुग्णात भेटतात. थकवा आणि फिकटपणा दोन्हींत सारखाच. उपचार मात्र वेगळे.

उंदराला सिकलसेल होत नाही. म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी त्याची स्वतःची हिमोग्लोबिन जनुके काढून मानवी जनुके बसवली. हे उंदीर उपयुक्त, पण विदर्भासाठी अपुरे आहेत. येथील बहुतेक रुग्णांत अरब-भारतीय जनुकगट असून त्यांच्या रक्तात गर्भ हिमोग्लोबिन बरेच टिकते, तर प्रौढ उंदरात ते अत्यल्प असते. शिवाय उंदराची तांबडी पेशी सुमारे ४० दिवस जगते, माणसाची १२०. त्यामुळे उंदरावर यशस्वी ठरलेला उपाय यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरू नये.

उपचारातही लोहाचा प्रश्न येतोच : रक्त चढवताना एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. वारंवार रक्त घेणाऱ्या सिकलसेल रुग्णाला लोहाच्या गोळ्या द्यायच्या की नाहीत, हे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासूनच ठरवावे लागते. दाहामुळेही फेरिटिन वाढते, म्हणून तो एक आकडा पुरेसा नसतो.