मॅक्रो भिंग

मॅक्रो भिंग म्हणजे अगदी जवळच्या लहान वस्तूंच्या छायाचित्रणासाठी रचलेले कॅमेऱ्याचे भिंग होय. कीटक, फुलांचे अवयव, नाणी, दागिने इत्यादींच्या छायाचित्रणासाठी त्याचा वापर होतो. बहुतेक मॅक्रो भिंगांमुळे संवेदकावर वस्तूच्या मूळ आकाराइतकी, म्हणजे १:१ विशालनाची प्रतिमा मिळते. काहींची मर्यादा १:२ असते. १९५५ मध्ये आलेले हाइन्झ किलफिट यांचे ४० मिमी मॅक्रो-किलार हे एसएलआर कॅमेऱ्यांसाठीच्या सुरुवातीच्या मॅक्रो भिंगांपैकी एक होते. निकॉन कंपनी आपल्या अशा भिंगांना 'मायक्रो' म्हणते.

भिंगावर छापलेले नाभीय अंतर हे वस्तू अनंत अंतरावर असतानाचे असते. जवळ फोकस करताना अनेक आधुनिक मॅक्रो भिंगांचे नाभीय अंतर कमी होते. त्यामुळे केवळ छापील आकड्यांवरून दोन भिंगांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरू शकते.

== फोकस करण्याच्या पद्धती ==

साध्या रचनेत संपूर्ण भिंग संवेदकापासून पुढे सरकते. नाभीय अंतर कायम राहते. मात्र १:१ विशालनासाठी भिंगाला नाभीय अंतराइतकेच पुढे जावे लागते. १०० मिमी भिंगाच्या बाबतीत हे सरकणे १०० मिमी होते.

अंतर्गत फोकस पद्धतीत नळीची बाह्य लांबी बदलत नाही. आतील काही भिंगगट सरकतात आणि त्यांच्यातील अंतर बदलल्याने संपूर्ण भिंगाचे नाभीय अंतरच घटते. हलके गट सरकवायचे असल्याने स्वयंचलित फोकस जलद होतो.

== नाभीय अंतराचा अंदाज ==

वस्तू ते संवेदक हे एकूण अंतर आणि विशालन माहीत असल्यास पुढील सूत्र वापरता येते :

नाभीय अंतर = एकूण अंतर × विशालन ÷ (१ + विशालन)²

१:१ विशालनाला हे मूल्य एकूण अंतराच्या एक चतुर्थांश येते. सूत्र पातळ भिंगासाठीचे असल्याने बहुभिंगी रचनेत उत्तर स्थूल असते. उत्पादकांनी दिलेल्या किमान फोकस अंतरांवरून पुढील अंदाज मिळतात :

* कॅनन ईएफ-एस ६० मिमी एफ/२.८ : २० सेंमी, १:१, सुमारे ५० मिमी
* कॅनन ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल आयएस : ३० सेंमी, १:१, सुमारे ७५ मिमी
* निकॉन १०५ मिमी एफ/२.८ जी व्हीआर : ३१.४ सेंमी, १:१. सुमारे ७८ मिमी
* कॅनन ईएफ १८० मिमी एफ/३.५ एल : ४८ सेंमी, १:१, सुमारे १२० मिमी
* झाइस माक्रो-प्लानार १०० मिमी एफ/२ : ४४ सेंमी, १:२, सुमारे ९८ मिमी

यांपैकी झाइस भिंगाचे नाभीय अंतर जवळजवळ कायम राहते, परंतु त्याचे विशालन १:२ पर्यंतच जाते.

== व्यावहारिक परिणाम ==

किमान फोकस अंतर संवेदकापासून मोजले जाते. भिंगाच्या पुढच्या टोकापासून वस्तूपर्यंतच्या अंतरास कार्यकारी अंतर म्हणतात. ते कमी असल्यास कीटक बिचकून उडून जातात किंवा भिंगाची सावली वस्तूवर पडते. १:१ विशालनाला वरील कॅनन १०० मिमी भिंगाचे कार्यकारी अंतर सुमारे १३ सेंमी, तर १८० मिमी भिंगाचे सुमारे २५ सेंमी भरते. हे अंतर नळीच्या लांबीवरही अवलंबून असल्याने छापील नाभीय अंतराच्या प्रमाणात बदलत नाही.

प्रकाशाच्या बाबतीतही फरक पडतो. साध्या रचनेचे एफ/२.८ भिंग १:१ विशालनाला सुमारे एफ/५.६ इतकाच प्रकाश देते, म्हणजे एक चतुर्थांश. निकॉन १०५ मिमी भिंग कॅमेऱ्यावर याच स्थितीत एफ/४.८ दाखवते.

म्हणून मॅक्रो भिंग निवडताना छापील नाभीय अंतराबरोबरच कमाल विशालन, किमान फोकस अंतर आणि कार्यकारी अंतर हे तिन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.