निळा पडलेला सायलेन्सर: क्रोम, उष्णता आणि रंग वाचणारी नजर

१/
कोल्हापूरकरांचे बुलेटवेड महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडू लागली. दोन्ही गाड्यांचा दिमाख त्यांच्या आरशासारख्या क्रोममध्ये होता, आणि दोन्हींच्या मालकांची तक्रारही एकच होती: इंजिनाला लागून असलेला बेंड पाइप आधी पिवळसर, मग जांभळा आणि अखेरीस निळा पडतो. या निळाईचा इतिहास मोटारसायकलीपेक्षा पुष्कळ जुना आहे.

२/
पाणी दिलेले पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून कारागीर ते पुन्हा मंद आचेवर तापवत आणि पृष्ठभागावरचे रंग पाहत. सुमारे २२५ अंश सेल्सिअसला फिका पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. पिवळ्यावर थांबले तर वस्तऱ्याची धार साधे. निळ्यावर थांबले तर स्प्रिंगची लवचीकता. तापमापक नसलेल्या काळात रंग हाच तापमापक होता.

३/
हे रंग येतात कोठून? १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात तापलेल्या पोलादावरील रंगांचा संबंध अतिशय पातळ, पारदर्शक थराशी जोडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंगने प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा सिद्धांत मांडला आणि कोडे सुटले. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग उजळतात, काही मावळतात. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावरचे रंगही याच नियमाने दिसतात.

४/
आता क्रोमकडे. १७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ याने सायबेरियातील एका लालसर खनिजात हे नवे मूलद्रव्य शोधले. त्याची संयुगे रंगीबेरंगी, म्हणून ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. त्याचे खनिज, क्रोमाइट, कोल्हापूरहून घाट उतरल्यावर सिंधुदुर्गातील कणकवलीच्या परिसरातही आढळते.

५/
तरीही मोटारसायकलीवर क्रोम यायला सव्वाशे वर्षे लागली. तोवर चकाकीचे काम निकेल करी, पण ते लवकर मंद पडे व सतत घासावे लागे. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत कॉलिन फिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोमिक आम्लाच्या द्रावणात गंधकाम्लाचे अल्प प्रमाण नेमके राखून क्रोम चढवण्याची भरवशाची पद्धत बसवली. काही वर्षांतच क्रोम हे वाहनांच्या ऐटीचे चिन्ह झाले.

६/
मात्र क्रोमही धातूच. त्याच्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य थर त्याला गंजापासून वाचवतो. पाइप फार तापला की तोच थर जाड होऊन रंग दाखवू लागतो. पोलादापेक्षा क्रोमला त्यासाठी अधिक उष्णता लागते. म्हणजे निळा पडलेला पाइप मळलेला नसतो. आपण किती तापलो होतो, याची नोंद त्याने अंगावर लिहून ठेवलेली असते.

७/
अशी नोंद वाचणारी नजर कोल्हापुरात घडली ती शेतीच्या गरजेतून. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. उसाला पाणी हवे होते, पाण्याला पंप आणि पंपाला ऑइल इंजिन. म्हादबा मेस्त्रींसारख्या यंत्रकारांच्या परंपरेतून शहरात इंजिने व सुटे भाग बनू लागले, शिवाजी उद्यमनगर गजबजले, फौंड्र्यांची भट्टी पेटली. धुराच्या छटेवरून इंजिनाची आणि रसाच्या तेजावरून भट्टीची प्रकृती ओळखणे हा येथल्या मेस्त्रींच्या विद्येचा भाग होता.

८/
बेंड पाइपचा रंगही त्याच विद्येने वाचायचा असतो. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी व हवा जास्त जात असेल, ठिणगी उशिरा पडत असेल, सायलेन्सरच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत असेल, किंवा गाडी एका जागी तासन्‌तास चालू राहत असेल, तर पाइप अवाजवी तापतो. एकेरी भिंतीचा पाइप इंजिनाच्या तोंडाशी थोडा रंगणारच. निळाई झपाट्याने खाली पसरू लागली, तर मात्र दोष इंजिनात शोधावा लागतो.

९/
येथेच घाई नडते. सौम्य पॉलिशने वरचा रंगीत थर उतरतो, पण कारण कायम असेल तर तो पुन्हा चढतो. मग खरखरीत कागद किंवा बफिंगचे चाक हाती येते. शोभेच्या क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. क्रोम झिजले की पिवळसर निकेल उघडे पडते, निकेल झिजले की लोखंड. पुढचे काम कोल्हापूरचा पावसाळा करतो.

१०/
त्यानंतर उरतो नव्याने क्रोम चढवण्याचा मार्ग, आणि त्याची किंमत केवळ गाडीमालक मोजत नाही. पारंपरिक टाकीतले षट्संयुजी क्रोमियम विषारी असते. त्याच्या वाफाऱ्याने कामगारांच्या कातडीवर व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोके पडतात. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवी कर्करोगाचे कारण ठरवले. सांडपाण्यातही ते तसेच सोडता येत नाही; आधी त्रिसंयुजी करून वेगळे काढावे लागते.

११/
पुढे कारखान्यांनी दुहेरी भिंतीचे पाइप आणले. आतली नळी तापते, मधली हवा उष्णता अडवते, बाहेरचे क्रोम चकचकीत राहते. दुसरीकडे टायटॅनियमच्या महागड्या सायलेन्सरवर हीच निळाई आज हौसेने मिरवली जाते. रंग तेच, लोहाराला ती खूण, बुलेटवाल्याला तो डाग, शर्यतीच्या गाडीवर तोच अलंकार. मेस्त्रीची रीत मात्र बदललेली नाही: आधी सांधा, कार्ब्युरेटर आणि ठिणगी तपासायची, पॉलिशचा डबा त्यानंतर उघडायचा. त्या क्रमात पाइपचे क्रोम टिकते, आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या कामगाराचा एक वाफाराही वाचतो.