बसलेल्या राजाची कुळकथा

पाठ ताठ, पावलं समांतर, हात मांड्यांवर, नजर थेट समोर. इजिप्तच्या राजाचा दगडी पुतळा म्हटलं की हीच बैठक डोळ्यांपुढे येते. हा राजा काहीच करत नाही. शस्त्र उगारत नाही, हुकूम सोडत नाही, कुणाकडे बघतही नाही. देवळांच्या भिंतींवर मात्र हेच राजे शत्रूचे केस मुठीत धरून गदा उगारताना कोरलेले आहेत, आणि ते चित्र इ.स.पू. ३१०० च्या सुमाराच्या नारमेर राजाच्या पाटीइतकं जुनं आहे. मग पुतळ्यातला राजा इतका शांत कसा?

उत्तर पायाशी सापडतं. दुसऱ्या राजवंशाचा खासेखेम हा राजा इ.स.पू. २७०० च्या आसपास होऊन गेला. त्याचे दोन बैठे पुतळे वरच्या इजिप्तमधल्या हिएराकोनपोलिसला मिळाले. उंची जेमतेम दोन फूट. राजा उत्सवाचा झगा अंगावर लपेटून, उंच मुकुट घालून आसनावर स्वस्थ बसला आहे. नजर चौथऱ्यावर उतरली की दृश्य पालटतं. तिथे हातपाय पिरगाळलेली, उलटीपालटी पडलेली प्रेतं ओरखड्यांसारख्या रेषांनी कोरली आहेत आणि मेलेल्यांचा आकडाही आहे: ४७ हजारांच्या वर. युद्ध झालं ते खाली. वर त्याचा मागमूस नाही. पुढच्या दीड हजार वर्षांच्या राजशिल्पाचं बीज मला या दोन फुटी पुतळ्यात दिसतं. हिंसा पायाखाली गेली आणि स्वस्थपणा राजाकडे राहिला.

त्यानंतर काही दशकांतच सक्कारा इथे पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या जोसेरचा जवळपास माणसाएवढ्या आकाराचा चुनखडीचा पुतळा घडला. तो एका बंदिस्त दगडी खोलीत ठेवला होता. खोलीच्या भिंतीला पुतळ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दोन भोकं होती. बाहेरच्याला आतलं धड काही दिसत नसे; राजाला मात्र धूप आणि उत्तरेचं आकाश मिळत असे. याच जोसेरच्या दुसऱ्या एका पुतळ्याची फक्त चौथरा उरला आहे. त्याच्यावर राजाच्या पावलांखाली नऊ धनुष्यं कोरली आहेत. ही धनुष्यं म्हणजे इजिप्तचे सगळे शत्रू. खासेखेमच्या चौथऱ्यावरची प्रेतं इथे चिन्ह होऊन बसली. शेजारी राजाच्या नावासोबत इमहोतेप या अधिकाऱ्याचं नाव आहे. राजाच्या पुतळ्यावर अधिकाऱ्याचं नाव येणं हा फार मोठा मान होता.

बैठक पूर्ण घडली ती खफ्रे राजाच्या पुतळ्यात, इ.स.पू. २५०० च्या सुमारास. गिझाच्या त्याच्या खोऱ्यातल्या देवळात १८६० मध्ये मारिएत या फ्रेंच संशोधकाला तो एका खड्ड्यात सापडला. उंची १६८ सेंटिमीटर. दगड काळपट, करड्या पट्ट्यांचा, अतिशय कठीण. तो आला दक्षिणेला शेकडो किलोमीटरवरच्या नूबियाच्या वाळवंटातून. त्या काळच्या तांब्याच्या छिन्नीला असा दगड दाद देत नाही. पाथरवटांनी डोलेराइटचे गोटे हाणून हाणून तो झिजवला आणि वाळूने घासून तुळतुळीत केला.

या पुतळ्याच्या दंडाकडे बघावं. दंड आणि बरगड्यांच्या मधला दगड काढलेलाच नाही. पोटऱ्या आणि आसन यांच्यामध्येही तो तसाच आहे. कठीण दगडात पोकळी काढणं जोखमीचं असतं, हे कारण खरंच आहे, पण ग्रीकांनी पुढे संगमरवरात हीच जागा मोकळी केली, कारण त्यांना हालणारा माणूस हवा होता. खफ्रेच्या शिल्पकाराला हलवताच येणार नाही असा राजा हवा होता. उजवी मूठ आवळलेली, डावा पंजा मांडीवर सपाट. आसनाला सिंहाची मस्तकं. आसनाच्या दोन्ही बाजूंना कमळ आणि पपायरस यांची गाठ, म्हणजे वरचा आणि खालचा इजिप्त एकत्र बांधलेले. आणि राजाच्या मानेमागे पंख पसरून बसलेला होरस देवाचा ससाणा. समोर उभं राहिलं तर हा ससाणा दिसतच नाही. बाजूला जाऊन बघावं लागतं. राजाच्या पाठीशी कोण आहे हे कुणाला सांगायची गरज वाटलेली नाही. मला हा इजिप्शियन शिल्पातला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

ही बैठक राजांपुरती नव्हती. बाराव्या राजवंशात जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याने स्वतःचा १३ हात उंचीचा अलाबास्टरचा बैठा पुतळा करवला. त्याच्या थडग्यातल्या चित्रात १७२ माणसं दोरखंडांनी पुतळ्याची घसरगाडी ओढताहेत आणि एकजण पुतळ्याच्या पायाशी उभा राहून पुढच्या वाटेवर पाणी ओततो आहे. इथे पुतळा बंद खोलीतून बाहेर पडलेला दिसतो. तो वाटेवर, माणसांच्या घोळक्यात आहे.

नव्या राज्याच्या काळात तो देवळाच्या दारापुढे येऊन बसला. आजच्या लक्सरच्या पश्चिम तीरावर, इ.स.पू. चौदाव्या शतकात, तिसऱ्या आमेनहोतेपने आपल्या देवळासमोर दोन पुतळे बसवले, सुमारे १८ मीटर उंच. त्यांचा क्वार्टझाइट आजच्या कैरोजवळच्या डोंगरातला. राजाची आई आणि राणी त्याच्या पोटऱ्यांशी, इवल्याशा. आसनाच्या बाजूला मात्र खफ्रेचीच ती गाठ, अकराशे वर्षांनंतरही. आकार दसपटीने वाढला, बैठक जागची हलली नाही. दुसऱ्या रामसेसने अबू सिंबेलला चार पुतळे थेट डोंगरातच कोरले, प्रत्येकी वीस मीटर. चौथऱ्यावर बांधलेले कैदी रांगेने.

बैठक ही राजपदाची, व्यक्तीची नव्हे. म्हणूनच रामसेसला जुन्या राजांच्या पुतळ्यांवर स्वतःचं नाव कोरून ते आपले करता आले. त्याची नावं दगडात खोल गेलेली आहेत. सहज खरवडून निघू नयेत अशी.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या त्याच्या राजधानीत, पी-रामसेसमध्ये, अशा पुतळ्यांना स्वतंत्र नावं होती आणि त्यांची पूजा होत असे. तिथल्या शिपायांनी, कारकुनांनी करवलेल्या छोट्या शिळा उरल्या आहेत. त्यांवर भक्त पुतळ्यापुढे हात उंचावून उभा असतो. मोसे नावाच्या शिपायाच्या शिळेवर तर जिवंत रामसेस बक्षिसं वाटतो आहे आणि त्याच शिळेवर दगडी रामसेसही बसलेला आहे. राजा महालात असो वा मोहिमेवर, शिपायाचं गाऱ्हाणं ऐकायला दारापुढचा राजा जागेवर असे.