विद्यार्थ्याचा पोशाख आणि सिंहगडाची वाट

पुण्याच्या विद्याभ्यासाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संस्थांच्या सनावळ्या दिल्या, प्राचार्यांची चरित्रे रेखाटली. परंतु विद्यार्थी अंगात काय घालीत असे आणि सुटीच्या दिवशी त्याचे पाय कोणीकडे वळत, या गोष्टीकडे त्यांचे सहसा लक्ष गेले नाही. मला हा विषय क्षुद्र वाटत नाही. विद्यार्थ्याच्या मनावर कोणाची सत्ता चालत होती, हे त्याच्या नित्याच्या वस्त्रांवरून जितके कळते, तितके परीक्षांच्या निकालांवरून कळत नाही.

पेशव्यांच्या दक्षिणेच्या द्रव्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तेव्हा ही सत्ता शास्त्राची आणि अन्नदात्याची होती. माधुकरी मागणारा किंवा वार लावून जेवणारा मुलगा धोतर, उपरणे आणि एखादी बंडी एवढ्यावर वर्ष काढी. भोजनाचे सोवळे निराळे, आणि ते कोणाचा स्पर्श न होता वाळले पाहिजे, हा दंडक तर पाठांतराइतकाच कडक. पुढे या पाठशाळेतूनच वाढलेल्या कॉलेजाला १८६४ साली डेक्कन कॉलेज हे नाव रूढ झाले, येरवड्याकडे त्याची दगडी इमारत उभी राहिली आणि वसतिगृहात राहणारा इंग्रजी शिकलेला तरुण दिसू लागला. पण दारिद्र्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. ज्या आगरकरांनी शिक्षणासाठी कऱ्हाडहून रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, ते याच कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुऊन वाळत घालीत व सकाळी तोच अंगात चढवून वर्गात जात, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. त्या एका सदऱ्याच्या आधाराने त्यांनी एम. ए. पर्यंत मजल मारली, आणि १८७९ च्या सुमारास तेथेच टिळकांशी चर्चा करता करता सरकारी नोकरीचा मोह सोडण्याचा निश्चय केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सदऱ्यालाही इतिहासात जागा द्यावी असे वाटते.

फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघाले आणि पुढे चतु:शृंगीच्या बाजूला मोकळ्या माळावर गेले. त्यामुळे टेकडी विद्यार्थ्याच्या दाराशीच आली. पर्वतीच्या पायऱ्या आणि बंडगार्डन ही नित्याची ठिकाणे. खरी मौज मात्र सिंहगडाची. शहरापासून सुमारे पंधरा मैल चालायचे, खडकवासल्याचे पाणी उजवीकडे ठेवीत पायथा गाठायचा आणि मग चढ सुरू झाला की धोतराचा सोगा वर घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, कोट काढून खांद्यावर टाकायचा. शिदोरीत दशम्या, चटणी आणि गूळ; दशमी दुधात भिजवलेली असल्यामुळे प्रवासात ती विटाळत नाही, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत, म्हणून ती बांधून देण्यास कोणाची हरकत नसे. गडावर देवटाक्याचे गार पाणी आणि दही. ज्याच्या घरी पंक्तीचा, सोवळ्याचा आणि वडिलांपुढे बसण्याउठण्याचा दस्तूर काटेकोर, त्या मुलाला आपल्या अंगावरील वस्त्राचा निर्णय आपण घ्यावा हे स्वातंत्र्य प्रथम या वाटेवर लाभले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे हाच निर्णय राजकारणाने चव्हाट्यावर आणला. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकरांना फर्ग्युसनच्या चालकांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. कापड जाळल्याबद्दल विद्यार्थ्याला शासन व्हावे, यावरूनच त्या कापडात केवढे सामर्थ्य दडले होते हे उघड होते. १९२० नंतर पांढरी खादीची टोपी आली, आणि पगडीचा काळ विद्यार्थ्यांपुरता तरी संपला.

मुलींची कथा याहून अवघड. डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी ही पहिली विद्यार्थिनी शिकली, हुजूरपागेची शाळा १८८४ साली निघाली, १९१६ साली कर्व्यांचे महिला विद्यापीठ स्थापन झाले. परंतु नऊवारी लुगडे सोडून पाचवारी पातळ नेसणे म्हणजे घरात कलहाला आमंत्रण, आणि मैत्रिणींच्या मेळ्याने गडावर जाणे तर त्याहून मोठे धाडस. ज्यांनी ते केले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, याचे मला मनापासून दु:ख आहे.

शालू, पैठण्या आणि भरजरी अंगरखे संग्रहालयांत सुखरूप आहेत. रोजचा सदरा मात्र फाटेपर्यंत वापरला जातो आणि शेवटी त्याचे फडके होते. म्हणून वाचकांस माझी विनंती अशी की, घरात कोणा आजोबांचा किंवा आजीचा कॉलेजातील, सहलीतील जुना फोटो असेल, विद्यार्थिदशेतील जमाखर्चाची वही असेल, तर ती रद्दीत घालू नये. फोटोच्या पाठीमागे नावे, गाव आणि साल आजच लिहून ठेवावे.